गाडीचा सत्कार

एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झाल्यावर ग्यानबानं भंगारातली साठ वर्षांची मोटार तीन वर्षं खपून चालती केली. त्याची बायको पंचफुला आज पहिल्यांदा तीत बसली, आणि नेमकी आजच जऊळक्याच्या रस्त्यावर भर उन्हात मोटार बंद पडली.

प्लग पुसून झाले, वायरी हलवून झाल्या. “इंजिनच गेलं वाटते!” ग्यानबा बायकोवरच खेकसला.

पंचफुलानं बॉनेटखाली हात घातला. “अवो, हा डबा तर तापानं फणफणून राह्यला.”

तो पेट्रोलचा पंप होता. ग्यानबानं कपाळावर हात मारला. सारी नोकरी डिझेलच्या गाड्यांत गेली; उन्हानं पेट्रोलची पंपातच वाफ होऊन ते इंजिनापर्यंत पोचत नाही, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

पंचफुलानं सीटवरची शाल बाटलीतल्या पाण्यानं भिजवली अन् पंपाला गुंडाळली.

“अवं, माह्या सत्काराची शाल हाय ते!”

“मंग गाडीचाबी सत्कार होऊ द्या.”

दहा मिनिटांनी किल्ली फिरवताच इंजिन सुरू झालं. ग्यानबाचा जीव भांड्यात पडला.

तीन वर्षं मोटारीला ‘तुमचं भंगार’ म्हणणारी पंचफुला आत बसली. “हळू चालवा,” ती म्हणाली, “आपल्या गाडीले ताप हाय.”