मौनाचा कारकून

हातकणंगले स्टेशन मागं पडून तास झाला, बाहुबलीचा डोंगर समोर दिसायला लागला, तरी मीरासाबच्या पोटातलं ओठावर येईना. तीन वेळा तो खाकरला. तिन्ही वेळा पद्मावतीनं वळून "काय मामा?" म्हणून विचारलं, आणि तिन्ही वेळा तो म्हणाला, "काय न्हाई आक्का. ऊन लई हाय की."

फाल्गुनातलं ऊन होतंच. पण मामांच्या घशाशी अडकलंय ते ऊन नव्हे, मेहमुदाचा निका, हे पद्मावतीला पक्कं ठाऊक होतं. शुक्रवारी लेकीचं लग्न, आज सोमवार, आणि बापाला अजून चार दिवसांची सुट्टी मिळालेली नव्हती.

सुट्टी द्यायची ती पद्मावतीच्या वडिलांनी. बाहुबलीच्या दर्शनाला ते वीस पावलं पुढं अनवाणी चालले होते. आप्पासो म्हणजे कोल्हापुरातले गुळाचे व्यापारी. मीरासाब त्यांचा खासगी कारकून. पत्रं लिहायची, आलेल्याला बसवायचं नाहीतर वाटेला लावायचं, कुणाच्या घरच्या कार्याला जायचं ते ध्यानात ठेवायचं आणि उन्हात छत्री धरायची, हे त्याचं काम. अकरा महिन्यांपूर्वी आप्पासो भर बाजारात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला असं काही तोडून बोलले की त्यांचं त्यांनाच पाप वाटलं. तडक मंदिरात जाऊन त्यांनी वर्षभराचं मौन घेतलं.

"आता दुकान कसं चालायचं?" म्हणून आईनं कपाळाला हात लावला. पण दुकान छान चाललं. गुळाचा सौदा तसाही रुमालाखाली बोटं दाबून होतो, त्याला तोंड लागत नाही. उरलेलं बोलायला मीरासाब होता.

व्रत मात्र कडक. लिहिणं म्हणजे हातानं बोलणंच, म्हणून पाटी बंद. मान हलवणं म्हणजे मानेनं बोलणं, तेही बंद. राहिल्या भुवया आणि सहज हलतील तेवढे हात. त्यांचा अर्थ लागायचा एकट्या मीरासाबला. आईला कुणी विचारलं तर ती म्हणायची, "बोलत होते तेव्हा तरी मला कुठं कळत होतं?"

एकदा आप्पासोंच्या नाकाभोवती गांधीलमाशी फिरायला लागली. त्यांनी जोरात हात झटकला. मीरासाब लगेच म्हणाला, "मला हा माल नको! घेऊन जा!" समोरचा गाडीवान गारठला आणि भाव उतरवून मोकळा झाला. आप्पासोंनी माशीकडं पाहिलं, मग मीरासाबकडं, आणि गप्प राहिले. दुसरं करणार काय?

मीरासाब बोलायचा तो 'मी' म्हणून, आप्पासोंचा 'मी'. आप्पासो त्याच्यावरच चिडले आणि भुवया चढवल्या, तर तो साऱ्या दुकानासमोर ओरडायचा, "मीरासाब, तू गाढव हाईस! पत्र काल टाकायचं हुतं!" आणि लगेच आवाज खाली आणून, "चुकलं मालक." गिऱ्हाइकं गूळ बघायची सोडून हे बघत उभी राहायची. घरी त्याची बायको शहाजादी जेवायला वाढताना विचारायची, "मीठ कमी हाय म्हणतायसा, ते तुमी का मालक?"

अशा माणसानं स्वतःसाठी मागायचं कसं? गेल्या बुधवारी त्यानं धीर केला. दुकानात हात जोडून म्हणाला, "मालक, शुक्रवार सोडून फुडच्या शुक्रवारी लेकीचा निका हाय. चार दिस सुट्टी पायजे."

आप्पासोंनी पंजा वर केला.

पंजा म्हणजे थांब? पंजा म्हणजे पाच दिवस घे? का नुसता आशीर्वाद? सगळे मीरासाबकडं बघायला लागले. अर्थ सांगणारा तोच.

"सांगा की मामा," तोलणारा कृष्णात मिशीत हसत म्हणाला, "मालक काय म्हणत्यात? तुमी पाच दिस म्हणालासा तरी कोन अडवतंय? त्यास्नी न्हाई म्हनता येतंय व्हय?"

अकरा महिन्यांत कधी न अडलेला मीरासाब घाम पुसत म्हणाला, "मी... मी इचार करून सांगतो." आणि स्वतःलाच उत्तर दिलं, "बरं मालक."

पुढं चिंचेची सावली आली तसे आप्पासो टेकले. मीरासाब मात्र अलीकडंच थांबला. छत्री मिटली, परत उघडली.

"मामा, बोला आता," पद्मावती म्हणाली. "आणि खरं सांगू? पाच दिवस धरून तुम्ही गेला असता, तर आप्पांना काही बोलताही आलं नसतं."

"तेच की आक्का! त्यास्नी बोलता येत न्हाई, म्हनून तर." त्यानं डोक्याचं फडकं काढून तोंड पुसलं. "दुसऱ्याचं काम असतं तर माशी उडवली तरी मी अर्थ काडला असता. पर हितं मागणारा मी, आन् देणारा बी मीच. फुडं अल्लाला काय सांगू? का मालकानं दिली? का मीच घेतली?"

न दिलेलं घेणं म्हणजे चोरी, हे पद्मावती लहानपणापासून मंदिरात ऐकत आली होती. डोंगरावर जाऊन जे ऐकायचं, ते तिला वाटेतच ऐकायला मिळालं.

मीरासाबनं छत्री तिच्या हातात दिली आणि चिंचेकडं पाठ करून उभा राहिला.

"आक्का, मालकास्नी तुमी इचारा. त्येंच्या भुवया तुमीच बघा, हात बी तुमीच बघा. मी वळून बघनार न्हाई, बघितलं तर मला व्हय असंच दिसंल. आन् न्हाई निघालं, तर माझ्या तोंडाकडं बघू नका. न्हाई म्हनूनच सांगा."