एन्डेव्हर म्हणजे चेष्टा

बुऱ्हाणपुरात तेव्हा एम.बी.ए. हा शब्द नवा होता. देशाचा बाजार जगाशी जोडला जातोय, परदेशी कंपन्या येणार, त्यांना शिकलेली माणसं लागणार, असं पेपरात रोज छापून येत होतं. ते वाचून मी ठरवलं की त्या माणसांत आपण असायचं. बी.कॉम. झालं होतं, वय एकवीस होतं. वडील तहसील कचेरीत बाबू होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि एक अट घातली. एक वर्ष, एक परीक्षा. नंबर लागला तर इंदूरला पाठवतो. नाही लागला तर जळगावचं स्थळ आहे, ते तोवर थांबवून ठेवतो, मग त्यावर चर्चा नाही. मी कबूल केलं. अट वाईट नव्हती. आमच्या गल्लीतल्या किती मुलींना असं एक वर्ष मिळालं होतं?

गणिताची मला भीती नव्हती. अडचण इंग्रजीची होती. शाळा मराठी, कॉलेज हिंदी, आणि इंग्रजी म्हणजे गाइडमधून पाठ केलेले पाच निबंध. प्रवेश परीक्षेत मात्र लांबच लांब उतारे असायचे, त्यावर प्रश्न, आणि वर समानार्थी-विरुद्धार्थी शब्दांची रांग. एवढे शब्द आणायचे कुठून?

आमच्या शनवारा भागात एक निवृत्त मास्तर इंग्रजी शिकवत. घरच्या बाहेरच्या खोलीत सतरंजी, समोर फळा. पलीकडच्या घरात पॉवरलूम चालायचे, त्यामुळे सरांना ओरडून शिकवावं लागे आणि आम्हाला ओरडून वाचावं लागे. ते हिंदी भाषक होते, मेहनती होते, आणि त्यांची एक पक्की पद्धत होती. एक शब्द, एक अर्थ. रोज वीस शब्द ते फळ्यावर लिहीत, समोर एकेकच हिंदी अर्थ. कुणी दुसरा अर्थ विचारला तर म्हणत, "दो अर्थ याद करोगी तो परीक्षा में दोनों भूलोगी."

मी ते शब्द वहीत उतरवत असे आणि घरी चुलीपाशी, पाण्याच्या रांगेत, कपडे वाळत घालताना घोकत असे. हिंदी अर्थ माझ्या डोक्यात जाताना मराठी होऊन जात. ते आपोआप व्हायचं, त्यासाठी काही करावं लागत नसे. आमच्याकडे सगळ्यांचं असंच आहे. आम्ही घरात मराठी बोलतो, त्यात अर्धी हिंदी असते आणि आई बोलली की थोडी खान्देशीही. कुठला शब्द कुठल्या भाषेतून आला हे आम्ही कधी तपासत नाही. हिंदीतली शिक्षा म्हणजे शिक्षण आणि आपली शिक्षा म्हणजे छडी, एवढा फरक दुसरीतल्या पोरालाही ठाऊक असतो. तो एक फरक ठाऊक आहे म्हणून बाकीचेही ठाऊक आहेत, असं आम्ही धरून चालतो.

एन्डेव्हर हा शब्द सरांनी पावसाळ्याच्या सुमारास दिला. समोर लिहिलं, चेष्टा. मी उतरवून घेतला. एन्डेव्हर म्हणजे चेष्टा. म्हणजे कुणाची तरी थट्टा करणं, टर उडवणं. शब्द मला आवडलासुद्धा, कारण त्या दिवसांत मला त्याची गरज होती.

चेष्टा करणाऱ्यांत पहिले होते माझे धाकटे काका. बहादरपूरला त्यांची केळीची शेती. दर आठवड्याला बाजाराला आले की जेवायला आमच्याकडे. मी इंग्रजी शिकते हे कळल्यावर त्यांना जेवताना दुसरा विषय सुचेना. एकदा ताटावर बसल्या बसल्या म्हणाले, "बाई, कांदेबागेला इंग्रजीत काय म्हणतात गं?"

कांदेबाग म्हणजे पावसाळा सरल्यावर लावलेली केळी. त्यात कांद्याचा काही संबंध नाही. पण मी शहरात वाढलेली, शेतात वर्षातून एकदा जाणारी, आणि शब्दामागे शब्द लावायची सवय जडलेली. मी तोंडातला घास गिळला आणि म्हटलं, ओनियन गार्डन.

काका इतके हसले की आईनं पाण्याचा तांब्या पुढे केला. दुसऱ्या आठवड्यापर्यंत बहादरपूर ते शनवारा माझं नाव ओनियन गार्डन झालं होतं. चुलत भाऊ रस्त्यात सायकल थांबवून विचारत, "काय मेमसाब, आज बागेत काय लावलं?" शेजारच्या काकू आईला म्हणाल्या की पोरीला केळी कळत नाही आणि कंपनी चालवायला निघाली. आई घरात आल्यावर मला म्हणाली, "तू जरा मोठ्यानं वाचू नको वं. खिडकीतून ऐकू जातं."

मी मोठ्यानंच वाचत राहिले.

एक इशारा मला मिळाला होता, तो मी घालवला. सरावाच्या पुस्तकात एक उतारा होता, विज्ञानाबद्दल. त्यात सायंटिफिक एन्डेव्हर असे शब्द होते. मी समजले, लेखक विज्ञानाची टर उडवतोय. खाली प्रश्न होता, लेखकाचा सूर कसा आहे? मी उत्तर दिलं, उपहासाचा. मागच्या पानावरच्या उत्तरात होतं, कौतुकाचा. मी उतारा पुन्हा वाचला. पुन्हा मला उपहासच दिसला. मग मी ठरवलं की छपाईची चूक आहे, आणि पेन्सिलनं पुस्तकातलं उत्तर दुरुस्त केलं. आज मी एका शाळेची कचेरी सांभाळते. चूक करणारं माणूस बरोबर असलेलंच पेन्सिलनं दुरुस्त करतं, हे रोज बघते, पण ते मी शिकले माझ्यावरूनच.

परीक्षा खंडव्याला झाली. एन्डेव्हर आला नाही. गणितानं हात दिला, शब्दांनीही बऱ्यापैकी दिला, आणि मुलाखतीचं पत्र आलं. वडिलांनी ते कचेरीत नेऊन दाखवलं. काकांनी दोन आठवडे बाग विचारली नाही.

पत्रासोबत एक फॉर्म होता. त्यात एक प्रश्न, तुमच्या वाटेत आलेल्या एखाद्या अडचणीबद्दल थोडक्यात लिहा. मी चार दिवस घेतले. सरळ, खरं आणि वजनदार लिहायचं होतं. शेवटी लिहिलं ते असं, मेनी पीपल इन माय टाउन मेड एन्डेव्हर्स ॲट मी, बट आय डिड नॉट स्टॉप. गावात पुष्कळांनी माझी चेष्टा केली, पण मी थांबले नाही.

मी ते सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं, ॲट खोडलं आणि वर फॉर लिहिलं. म्हणाले, बाकी बढिया है. मला वाटलं व्याकरणाचं काहीतरी असेल. त्यांना वाटलं असेल, गावातल्या लोकांनी हिच्यासाठी प्रयत्न केले, पोरगी कृतज्ञ आहे. दोघांनीही एकमेकांना काही विचारलं नाही. वडिलांनी कचेरीजवळच्या टायपिस्टकडून फॉर्म टाइप करून घेतला आणि रजिस्टरनं पाठवला.

इंदूरला वडील सोबत आले. पहाटेची बस, खंडव्याला चहा, आणि वडिलांनी वाटेत घेतलेली उजळणी. परकीय भांडवल, आयात शुल्क, नवीन उद्योग धोरण. माझं सगळं तयार होतं. अजूनही त्यातलं बरंच पाठ आहे.

आत तिघं होते. दोघं हिंदी भाषक, बोलणं इंग्रजीत. तिसरे वयस्कर, टोपणातून पेन काढून टेबलावर फिरवत बसलेले. मधल्या साहेबांसमोर माझा फॉर्म होता. त्यांनी माझं ते वाक्य मोठ्यानं वाचलं आणि विचारलं की एवढ्या लोकांनी तुमच्यासाठी प्रयत्न केले, मग थांबायचा प्रश्न कुठून आला?

मला प्रश्न कळला नाही. मी म्हटलं, सर, दे लाफ्ड.

कोण हसलं, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, अंकल, नेबर्स. ते म्हणाले, प्रयत्न करता करता हसले? मी म्हटलं, नो सर, दॅट वॉज द एन्डेव्हर.

तिघं एकमेकांकडे बघू लागले. मग त्या वयस्कर गृहस्थांनी पेन खाली ठेवलं आणि मला मराठीत विचारलं, "तुम्हाला चेष्टा म्हणायचंय का?"

इतकं हायसं वाटलं मला. मी म्हटलं, "हो सर. चेष्टाच."

ते दुसऱ्या दोघांकडे वळले आणि त्यांनी समजावून सांगितलं. हिंदीत चेष्टा म्हणजे कोशिश, मराठीत चेष्टा म्हणजे मजाक, आणि या बाईंनी डिक्शनरी हिंदी वापरली आणि अर्थ मराठी घेतला. सगळं अगदी बरोबर सांगितलं. मलाही ते त्याच क्षणी कळलं, त्यांच्यासोबतच. मग तिघं हसले. वाईट हसणं नव्हतं ते, मनापासूनचं होतं. मधले साहेब चष्मा काढून डोळे पुसत म्हणाले की असं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. एकानं आणखी असे शब्द आहेत का विचारलं, आणि तिघांची त्यावरच चर्चा सुरू झाली. मी समोर बसून होते. परकीय भांडवल कुणी विचारलं नाही, आयात शुल्कही नाही. वेळ संपल्याची घंटा वाजली तेव्हा ते वयस्कर गृहस्थ मराठीत म्हणाले, "फार छान. हे मी वर्गात सांगणार बरं का."

बाहेर वडील बाकावर बसले होते. मला पाहताच उभे राहिले. चेहरा उजळलेला. म्हणाले, "केवढे हसत होते गं आत. बाहेरपर्यंत ऐकू येत होतं. झालं बेटा, काम झालं."

तिथं मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. परतीच्या बसमध्ये त्यांनी शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलं, सनावदला चहावाल्याला सांगितलं, घरी पोचल्यावर आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी कचेरीला.

नकाराचं पत्र यायला तीन आठवडे लागले. मी आधी सरांकडे गेले आणि घडलं ते सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी आपली वही काढली, तो शब्द शोधला, डिक्शनरी उघडून पडताळला आणि पान माझ्यासमोर धरलं. "मेरी हिंदी तो सही है, बेटी. तुम्हारी मराठी बीच में आ गई." त्यात खोटं काही नव्हतं. पुढच्या बॅचलाही त्यांनी फळ्यावर तेच लिहिलं असणार.

मग वडील. पत्र त्यांनी दोनदा वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. मला विचारलं, काय झालं? ते तर हसत होते.

माझ्यापुढे दोन उत्तरं होती. खरं उत्तर एका वाक्याचं होतं. एक शब्द चुकला, लेखी परीक्षा पास आहे, आणखी एक वर्ष द्या. पण ते दिलं असतं तर तो शब्द वडिलांना सांगावा लागला असता. वडिलांनी आईला, आईनं काकांना. आणि आयुष्यभर ताटावर बसून मला तो ऐकावा लागला असता. मी दुसरं उत्तर दिलं. म्हटलं, "इंग्रजी कच्चं पडलं."

त्यांनी मान हलवली. हे उत्तर त्यांना समजण्यासारखं होतं, गावातही कुणालाही समजण्यासारखं. मी लगेच म्हटलं, बाबा, आणखी एक वर्ष द्या.

ते रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "इंग्रजीच कच्चं आहे तर एका वर्षात कितीसं पक्कं होणार, बेटा? अट तू मानली होतीस."

मला बोलायला जागा नव्हती. ती मीच ठेवली नव्हती.

जळगावची मंडळी पुढच्या महिन्यात बघायला आली. होणाऱ्या सासूबाई आईला म्हणाल्या, मुलगी चांगली आहे, फक्त मराठी जरा हिंदी वळणाचं आहे, ते आमच्याकडे सुधारेल. सगळे हसले, मीही हसले. लग्न उन्हाळ्यात झालं. संसार ठीक झाला, त्याबद्दल तक्रार नाही.

वडील गेले तोवर त्यांची समजूत तीच होती. माझ्या मुलीचं इंग्रजी तेवढं कच्चं होतं, नाहीतर पोरगी हुशार, असं ते माझ्या मुलांनाही सांगत. मी शेजारी बसलेली असायची. एकदाही दुरुस्त केलं नाही. केलं असतं तर त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला असता की मग तेव्हा का नाही बोललीस, मी दिलं असतं ना वर्ष. आणि त्यांनी दिलं असतं.