दहापैकी किती?

माझी मावशी क्लबचा घरच्या मैदानावरचा सामना कधी चुकवत नाही, आणि तरीही तिथे बसून तिने कित्येक वर्षांत एकही गोल पाहिलेला नाही. खेळाडूचा पाय चेंडूला लागला रे लागला की ती मान खाली घालते आणि मांडीवरच्या पुठ्ठ्याला लावलेल्या कागदावर एक आकडा लिहिते. वर बघते तोवर चेंडू जाळ्यात असतो, नाहीतर कुंपणापलीकडे. आजूबाजूची माणसं उठून नाचत असतात आणि त्यांच्या पायांमध्ये मावशी पेनाचं टोपण शोधत असते. खेळाडूंनी तिचं नाव डोळेबाई ठेवलं आहे. एक तर ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, आणि दुसरं म्हणजे नेमकं बघायचं तेव्हा बघत नाही.

ती लिहिते तो आकडा एका प्रश्नाचं उत्तर असतो: याच जागेवरून, अशाच गर्दीत, दहा जणांनी फटका मारला तर कितीजण गोल करतील? पेनल्टी असेल तर आठ. लांबून, कोपऱ्यातून असेल तर फार तर एक, बहुतेक वेळा अर्धाच. सामना संपला की दोन्ही बाजूंच्या आकड्यांची वेगवेगळी बेरीज करायची आणि दहाने भागायचं. कोणाला किती गोल मिळायला हवे होते ते त्यातून कळतं. मिळाले किती, हे तर काय सगळ्यांना फलकावर दिसतंच.

मान खाली घालण्याचं कारण तिला दुकानात सापडलं. बाकावर वाट बघत बसलेला माणूस आत अक्षरांचा तक्ता वाचणाऱ्याचं ऐकत असतो, आणि त्याची पाळी आली की दिसत नसलेली शेवटची ओळही धडाधड म्हणून दाखवतो. "त्याला खोटं बोलायचं नसतं गं," मावशी म्हणते. "त्याला खरंच वाटतं की दिसतंय. गोल झालेला बघितला ना, की संधी सोपीच होती असं आपल्यालाही दिसायला लागतं."

हे सगळं हौसेचं होतं तोवर कोणाची काही तक्रार नव्हती. पण तीन हंगामांपूर्वी माझे बाबा या क्लबचे कोच झाले.

बाबा आधी शाळेत खेळाचे शिक्षक होते. कायमची नोकरी सोडून ते इथे आले, तेव्हा आईने महिनाभर धड तोंड उघडलं नव्हतं. दुसऱ्याच हंगामात क्लब खालच्या गटातून वर चढला. शेवटच्या सामन्यानंतर लोकांनी बाबांना खांद्यावर घेतलं, आणि खाली उतरवताना त्यांचा एक बूट हरवला. क्लबच्या अध्यक्षांचा रंगांचा कारखाना आहे. त्यांनी बाबांचा एका बुटातला तो फोटो मोठा करून कार्यालयात लावला. यंदा मात्र आमचा संघ हरत सुटला होता. गुणतालिकेत आमच्या खाली एकच नाव उरलं होतं. दुकानात सामान घ्यायला गेलं तरी माणसं आईला विचारायची, "काय वहिनी, साहेब काय म्हणतात?" आणि विचारताना हसायची.

सेक्रेटरीच्या मनात दुसरा कोच होता, हे सगळ्या क्लबला माहीत होतं. एका सामन्यानंतर तो पायऱ्या उतरून मावशीपाशी आला.

"शनिवारी दुपारी समितीची बैठक आहे. कोचना ठेवायचं की काढायचं, तेवढा एकच विषय. तुमचे आकडे मांडा."

"माझे मेहुणे आहेत ते," मावशी म्हणाली.

"म्हणून तर. घरच्याच माणसाने मांडलेलं कोणी खोडून काढणार नाही."

मावशी हो म्हणून आली. ती आमच्याच घरात मागच्या खोलीत राहते, त्यामुळे पळून जायला तिला जागा नव्हती.

"हो म्हणालीस?" आईने हातातलं पातेलं आपटलं. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? उद्या काही वेडंवाकडं झालं तर या वयात कोण घेणार आहे यांना? शाळा परत बोलावणार आहे का?"

"ताई, मी नाही म्हणाले असते तर तो स्वतः आकडे मांडणार होता. त्याला भागाकारसुद्धा येत नाही."

पहिल्या बेरजा झाल्या तेव्हा आईचा जीव भांड्यात पडला. मावशीच्या कागदांप्रमाणे यंदा आमच्या संघाने समोरच्यांपेक्षा कितीतरी चांगल्या संधी तयार केल्या होत्या. मिळायला हवे होते त्याच्या जेमतेम अर्धे गोल पदरात पडले होते. म्हणजे खेळ चांगला, नशीब फुटकं. आईने त्या दिवशी मावशीला चहा तिच्या खोलीत नेऊन दिला.

मावशीने तो प्यायला नाही. ती कागद उलटत राहिली. मग तिने मला हाक मारली.

"हे बघ. आठ, सात, आठ. सगळे आपले, आणि सगळे वाया गेलेले. आधीच्या वर्षांत वाया गेलेल्या फटक्यांना मी इतके मोठे आकडे कधी दिले नव्हते."

"वाईट नशीब असेल."

"किंवा माझं पेन असेल." तिने चष्मा काढून डोळे चोळले. "पुढे पुढे मला मान खाली घालवत नव्हती. क्षणभर उशीर व्हायचा. चेंडू बाहेर गेलेला दिसायचा, आणि हात आपोआप लिहायचा की हा जायलाच हवा होता."

म्हणजे एका मोसमाचे कागद निकामी झाले होते. शनिवार अगदी तोंडावर आला होता आणि सेक्रेटरीने बैठकीची पत्रं वाटूनही टाकली होती.

क्लबकडे सामन्यांची चित्रणं होती, तिवईवरच्या एका जुन्या कॅमेऱ्याने घेतलेली. मावशीने ठरवलं की सगळं पुन्हा मोजायचं. त्यात आम्ही वर चढलो तो हंगामही घ्यायचा, सरमिसळ करून, म्हणजे हाताला माया दाखवायला जागाच राहणार नाही. बाबा सरावाला गेले की आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचो. कुठला सामना लावायचा ते मी ठरवायचे आणि गुणफलक दिसतो तो पडद्याचा कोपरा पुठ्ठ्याने झाकायचे. पाय चेंडूला लागला की चित्र थांबवायचं. मावशी आकडा सांगायची. मी लिहून घ्यायचे आणि पुढचा फटका लावायचे. पुढे काय झालं ते ना तिला कळायचं, ना मी सांगायचे. थांबवलेल्या चित्रात माणसं विचित्र दिसायची. हात पसरलेले, तोंडं उघडी, आणि कडेला रेषेजवळ बाबा, गुडघ्यांवर हात टेकून पुढे झुकलेले. प्रत्येक चित्रात ते तसेच होते. हा जिंकणारा माणूस की हरणारा, ते ओळखता येत नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी मी हंगाम वेगळे केले आणि बेरजा मारल्या. मग पुन्हा मारल्या. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"बोल ना. वाईट आहे?"

"वाईट नाही," मी म्हणाले. "सारखंच आहे."

यंदा आमचा संघ समोरच्यांपेक्षा किंचित कमी पडला होता, तालिकेत दिसतो तेवढा मुळीच नाही. आणि वर चढलो त्या हंगामातही तो समोरच्यांपेक्षा किंचितच कमी होता. दोन्ही वर्षांच्या बेरजा शेजारी ठेवल्या तर कुठली कुठल्या वर्षाची ते सांगता आलं नसतं. त्या वर्षी आम्हाला मिळायला हवे होते त्याच्या दीडपट गोल मिळाले होते, एवढाच काय तो फरक.

आई दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"आधीचे कागद काय वाईट होते?"

"ते खोटे आहेत, ताई."

"तुलाच माहीत आहे ना? मग?" आईचा आवाज खाली आला. ती चिडली की ओरडते, आणि घाबरली की हळू बोलते. "बरं, नवीन दे. पण यंदाचेच दे. जुन्या वर्षाचं कोणी विचारलंय का तुला? माणसाच्या आयुष्यात एक वर्ष धड गेलं, तेवढं तरी राहू दे त्याच्यापाशी."

मावशी कागद गोळा करू लागली. आतून बाबांच्या शिट्टीचा आवाज आला. ते सरावाहून आले होते आणि बूट साफ करत होते.

शनिवारी क्लबच्या कार्यालयात लांब टेबल, त्याच्या एका टोकाला अध्यक्ष, दुसऱ्या टोकाला बाबा, इस्त्रीच्या शर्टात. त्यांच्या डोक्यावर बरोबर तो फोटो. मी मावशीच्या शेजारी संगणक घेऊन बसले होते.

मावशीने आधी पेनाची चूक सांगितली. आपले पहिले कागद का टाकून दिले, ते स्पष्ट सांगितलं. मग यंदाचे नवे आकडे वाचले. संघ मध्यम दर्जाचा आहे. तालिका दाखवते तितका वाईट नाही.

"म्हणजे नशीब," सेक्रेटरी म्हणाला. "छान. हरलो की नशीब."

"बरंचसं, हो."

"मग जिंकलो तेव्हा काय होतं हो?" तो खुर्चीत मागे रेलला. "की ते वर्ष मोजलंच नाही?"

मावशीने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. बाबा तिच्याकडे बघत होते, निश्चिंतपणे. त्या वर्षाबद्दल त्यांना कसलीच धास्ती नव्हती.

"मोजलं आहे," ती म्हणाली. "त्या वर्षीही आपण असेच खेळलो. वर चढलो ते बरंचसं नशिबाने."

कोणीतरी खोकलं. अध्यक्ष पुढे झाले. "पण बाई, गोल तर झाले ना? पोरांचे पाय त्या वर्षी चांगले होते म्हणा."

"पोरं तीच आहेत, साहेब. पायही तेच. आपल्या नऊ नंबरवाल्याचा त्या वर्षी डोळे मिटून मारलेला चेंडूही आत गेला. यंदा मोकळं जाळं समोर असताना दांडीला लागतो."

"मग कोच चांगला की वाईट, एवढं सांगा आणि सोडवा आम्हाला."

"एवढ्या थोड्या सामन्यांवरून ते सांगता येणार नाही. माझे आकडे एवढंच म्हणतात की माणूस बदललेला नाही. तुम्ही त्या वर्षी ज्याला खांद्यावर घेतलंत, तोच हा. आणखी एक. आज यांना काढलंत, तर नवा येईल तो बहुतेक थोडेफार सामने जिंकेल. इतकं वाईट नशीब फार काळ टिकत नाही. आणि तुम्हाला वाटेल, बघा, आपला निर्णय किती बरोबर होता."

सेक्रेटरीने हसायचा प्रयत्न केला, पण अध्यक्ष त्याच्याकडे बघत होते, म्हणून तो थांबला. बाबांनी टेबलावरचे हात काढून मांडीवर घेतले. त्यांचं तोंड एवढं उतरलेलं मी हरलेल्या सामन्यातही पाहिलं नव्हतं.

आम्हाला बाहेर बसायला सांगितलं. व्हरांड्यात तिघं एका बाकावर, मध्ये मी. आतून आवाज चढत होते, उतरत होते. बाबा समोरच्या भिंतीकडे बघत होते. मावशीने एकदा "भाऊजी," म्हटलं. त्यांनी हात वर केला, सामन्यात पंच करतात तसा.

अध्यक्ष स्वतः बाहेर आले. "हंगाम संपेपर्यंत तुम्हीच. थोडक्यात वाचलात. मेहुणीचे आभार माना." त्यांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली. बाबांनी मान हलवली. आभार मानले नाहीत.

गाडीत बाबा चालवायला बसले, मावशी पुढे त्यांच्या शेजारी, मी मागे. किल्ली फिरवलीच नाही त्यांनी. मैदानावर उन्हं कलली होती आणि पाण्याचे फवारे गवतावर फिरत होते.

"आम्ही वर चढलो तो सामना," बाबा म्हणाले. "अर्ध्या तासाचा खेळ उरला असताना मी दोघांना आत पाठवलं. दोघांनीही गोल केले. तेही नशीबच?"

"गोल नशिबाचे. संधी जेमतेमच होत्या, दोन-दोन दिले आहेत मी त्यांना."

बाबा हसले, पण वाईट हसले.

"पण बदल चांगला होता," मावशी म्हणाली. "समोरच्यांचा डावीकडचा गडी दमला होता, तुम्ही तिथेच पळणारं पोर घातलंत. त्यानंतर त्या बाजूने त्यांना एकही संधी मिळाली नाही. गोल झाले नसते तरी तो बदल चांगलाच होता."

"झाले नसते तर असं कोण म्हणालं असतं?"

"मी म्हणाले असते."

"मग आत का नाही म्हणालीस?"

"आत मला गोलांचं विचारलं, भाऊजी. तुमचं कोणी विचारलंच नाही."

बाबा स्टिअरिंगवर अंगठा घासत राहिले. त्यांचा राग गेला नव्हता. मानेवरची शीर मला मागून दिसत होती.

"आणि यंदा?" ते शेवटी म्हणाले. "यंदा कुठे चुकलो?"

"खरं सांगू?"

"आत सांगितलंस तसं सांग. त्याहून जास्त काय लागणार आहे आता?"

मावशीने पायांशी ठेवलेली पिशवी मांडीवर घेतली. "पहिल्या सामन्यापासून सुरू करते," ती म्हणाली. बाबांनी खिडकीची काच वर केली, फवाऱ्याचा आवाज बंद झाला, आणि ते तिच्याकडे वळून बसले. मी आईला फोन लावला. नोकरी राहिली म्हणून सांगितलं, आणि घरी यायला जरा वेळ लागेल म्हणाले.