आईला गाडी लागायची
आईला गाडी लागायची. अंबरनाथहून बदलापूरला जायचं म्हटलं तरी तिची तयारी घाट चढायची असल्यासारखी. पदराला लिंबू, पर्समध्ये ओवा, हातात रिकामी पिशवी. बाबा वैतागायचे, पण गाडी हळूहळू तिच्याच सोयीने सजत गेली. डॅशबोर्डवर पंखा बसला, फक्त तिच्या तोंडाकडे वळवलेला. गाणी ऐकली की मळमळत नाही म्हणाली, तर टेप आला. मग पायाशी छोटा दिवा, कारण अंधारात तिला चप्पल सापडत नसे. ही सगळी कामं उल्हासनगरातल्या एका दुकानात व्हायची. तिथला सिंधी मालक बाबांना ‘साईं’ म्हणायचा आणि कुठलीही वायर कशालाही जोडून द्यायचा.

एवढा भार जुन्या वायरिंगला झेपेना. फ्यूज उडायचा, पंखा बंद पडायचा आणि आई पिशवी शोधायची. शेवटी कंटाळून त्या मालकाने फ्यूजच काढला आणि त्या जागी जाड वायर घातली. म्हणाला, डायरेक्ट केलंय, आता भाभीचा पंखा बंद पडायचा नाही. आमच्याकडे डायरेक्ट म्हणजे सगळ्या दुखण्यांवर रामबाण उपाय. पाण्याची मोटर डायरेक्ट, हळदीच्या मांडवातली लाइट डायरेक्ट. बाबा खुशीत घरी आले आणि आम्हालाही वाटलं, चला, एक कटकट मिटली.

आई गेली त्यानंतर बाबांनी गाडीतलं काहीही हलवू दिलं नाही. तिच्या सीटवर कोणी बसायचं नाही. मी माहेरी आले की मागे बसायचे, मोठी शेठाणी असल्यासारखी. पंखा मात्र चालूच. एकदा मी चिडून विचारलं, कोणाला वारा घालताय? बाबा आरसा पुसत बसले. माझा रागही मेला फुसकाच. खरं सांगायचं तर मलाही वाटायचं, त्या वाऱ्यावर तिच्या केसांच्या तेलाचा वास येईल. यायचा नाही. तरी मी पुढे वाकून बसायचे. फार आठवण यायची हो तिची, अजून येते.

त्या दुपारी आम्ही शिरगावला आत्याकडे जेवायला निघालो होतो. कारखान्यांचा पट्टा लागला आणि काहीतरी जळल्याचा वास आला. तिथे कसला ना कसला वास रोजचाच, त्याचं कोणाला काय वाटणार? आम्ही नेहमीसारख्या काचा वर केल्या. म्हणजे आग आमच्या गाडीत आणि आम्ही तिला बाहेर ठेवतोय! वायपर आपोआप फिरायला लागला, हॉर्न वाजायचा थांबेना, आणि डॅशबोर्डच्या फटीतून काळा धूर आला तेव्हा कुठे बाबांनी गाडी कडेला घेतली.

मी उतरले, बाबाही उतरले. मला वाटलं, आता ते माझ्याकडे येतील. तर ते गाडीला वळसा घालून पलीकडे धावले.

आईला तिच्या बाजूचा दरवाजा आतून कधीच उघडता आला नाही. खटका कडक होता. दर वेळी बाबाच फिरून यायचे, दरवाजा उघडून ‘या, राणीसरकार’ म्हणायचे आणि ती पिशवी सांभाळत उतरायची. आता ते तोच दरवाजा दोन्ही हातांनी ओढत होते. काचेच्या आत जाळ दिसत होता. मी त्यांचा शर्ट मागून धरला.

“बाबा, आत कोणी नाहीये.”

त्यांना ऐकूच गेलं नाही. मागे थांबलेल्या रिक्षावाल्याने धावत येऊन त्यांना कमरेत धरलं, तेव्हा हात सुटले. तळव्यांना फोड आले होते.

मग गर्दी जमली, मोबाईल निघाले. कोणी म्हणालं, काका, जीव वाचला हेच नशीब. कोणी इन्शुरन्सचं विचारलं. बंब यायला वेळ होता. मी बाबांना रिक्षात बसा म्हटलं, पाणी प्या, तिकडे बघू नका म्हटलं. ते हलेनात.

“स्मशानात मी तोंड फिरवून उभा होतो, बाय,” ते म्हणाले. “मना बघवलं नाय. तिला एकटीलाच जाळली. आज बघू दे.”

बायकांनी जायचं नसतं म्हणून मला तर त्या दिवशी घराच्या दाराशीच थांबवलं होतं. मी बाबांचं मनगट धरलं आणि सगळं जळून खाली बसेपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो.