पहिल्या भाकरीचा पापुद्रा

पहिल्या भाकरीचा पापुद्रा माझा. हे आमच्या घरात ठरलेलं होतं, कुणी ठरवलं ते विचारू नका. सकाळी उठल्या उठल्या, तोंडसुद्धा न धुता, मी चुलीपाशी आईला चिकटून बसायची. तांदळाची भाकरी टम्म फुगली की ती वरचा पापुद्रा सोलायची, मीठ-तेल लावायची आणि फुंकर मारून माझ्या तोंडात घालायची. "खा गं माझी म्हातारी," म्हणायची. थोरल्या भावानं हात पुढं केला की त्याच्या हातावर उलथनं बसायचं.

शनिवार-रविवार आमच्या पुढच्या दोन्ही खोल्या धरण बघायला आलेल्या पाहुण्यांना भाड्यानं दिलेल्या. त्यांना खाट दिली, गादी दिली, माझी फुलांची चादर दिली, मी चकार शब्द काढला नाही. पाच वर्षांच्या पोरीनं आणखी किती शहाण्यासारखं वागायचं?

एका रविवारी पाहुण्यांची माझ्याच वयाची पोरगी चुलीपाशी येऊन बसली. माझ्या जागेवर! आईनं पापुद्रा सोलला, मी तोंड उघडलं, आणि तो गेला तिच्या तोंडात. वर आणखी, "खा गं माझी म्हातारी."

माझं डोकंच फिरलं. फ्रॉक पिशवीत कोंबला आणि त्यांच्या गाडीत मागं जाऊन बसले. बसू दे आईला रडत, म्हटलं. निघताना पाहुण्या बाईंनी मला पाहिलं आणि आईला हाक मारली. आई दारातनं हसत म्हणाली, "न्या की हिला! लई तरास देतीया. आमाला न्हाई पायजे."

सगळे हसले. गाडी खरंच सुरू झाली. मी मागच्या काचेला नाक लावलं. आता पळत येईल, आता येईल. आई पाठ फिरवून अंगणात गाद्या उन्हाला टाकत होती.

फाट्यापाशी बाईंनाच माझं रडं बघवेना, त्यांनी गाडी माघारी वळवायला लावली. "आली का म्हातारी?" आई म्हणाली, आणि उशी झटकायला लागली.

दुसऱ्या दिवशी तिनं पापुद्रा पुढं केला. मी तोंड घट्ट मिटलं. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी तिनं तो भावाला दिला, संपलं.

आजही पाहुण्यांची पोरं चुलीपाशी बसतात. परवा मी तिथंच भांडी विसळत होते. आई एका पोराला भरवत होती. त्यानं माझ्याकडं बोट दाखवून विचारलं, "दीदीला नको?"

"तू खा रं," आई म्हणाली, "तिला पापुद्रा पैल्यापास्नंच आवडत न्हाई."