गिरदावराची खूण

दुबलगुंडीच्या माळावर पिराप्पाइतका मेंढरं ओळखणारा दुसरा धनगर नव्हता, आणि स्वतःला त्याच्याइतका शहाणा समजणाराही. निजामाच्या राज्यातली गोष्ट. आसपासच्या गावांच्या महसुलावर एक गिरदावर होता. लाचेत घेतलेली आठ मेंढरं त्यानं पिराप्पाकडे राखायला दिली होती. त्यांच्या उजव्या कानाला त्याची खूण म्हणून दुहेरी काप होता. तो काप दिसला की सरकारी कुरणाचा चौकीदार चराईचे पैसे न मागता तोंड फिरवायचा.

हे पिराप्पानं हेरलं. मग त्यानं घरच्या प्रत्येक कोकराच्या कानाला तोच काप द्यायला सुरुवात केली. खोटं कशाला बोलू, आम्हीही त्याच्या हुशारीला हसून दाद दिली.

सहा वर्षांनी गिरदावराची लाचखोरी उघडी पडली. त्यानं लाचेतून मिळवलेलं सगळं जप्त करायचा हुकूम घेऊन हुमनाबादच्या कचेरीचा पेशकार जवानांसह आला. गिरदावराचं घर झालं, शेत झालं, मग कळपाची पाळी आली.

"कान कापलेली सगळी गिरदावराची. हाका!"

चोपन्नच्या चोपन्न मेंढरांना काप होता. पिराप्पा पेचात सापडला. खरं सांगावं तर चराई बुडवल्याची कबुली, गप्प राहावं तर कळपच जाणार. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. इथं ओल्यानंच सुक्याचं सोंग घेतलं होतं.

"आवं, कामून गप बसलाव?" त्याची बायको अंबुबाई ओरडली. "सांगा की!"

पिराप्पानं पेशकाराचे पाय धरले. "चोरी मी बी केलो, साहेब. चराई चुकवायला माझ्याच कोकरांचे कान कापलो. पर मेंढरं माझी हायती."

"पुरावा?"

तो कळपात शिरला आणि आठ मेंढरं ओढून बाहेर आणली. "ह्यांचा डावा कान बघा. पयल्या धन्याची खूण हाय. माझी माझ्या दारात जन्मली, त्यांचा डावा कान साबूत हाय."

पेशकार एकेक कान चाचपू लागला. त्याची बोटं थांबली की आमचा जीव टांगणीला लागायचा. शेहेचाळीस डावे कान साबूत निघाले. अंबुबाईला रडूच फुटलं. त्या आठांचे पहिले धनी आमच्यातच उभे होते, पण त्यांना कुणी विचारलं नाही. मला अजून त्याचा राग येतो.

"चराई किती वर्षं बुडवलीस?" पेशकारानं विचारलं.

मला वाटलं, आता तरी दोन म्हणेल.

"सहा," पिराप्पा म्हणाला.

"मग तुझ्या मेंढरांतली तीस सरकारजमा."

जवानांनी गिरदावराची आठ आणि ही तीस अशी अडतीस मेंढरं वेगळी काढली, काठ्या हाणल्या, हाकारे घातले. मेंढरं वळून वळून पिराप्पाभोवतीच गोळा होत होती. शेवटी पेशकार वैतागला. "तूच पुढं हो रे!"

पिराप्पानं घोंगडी खांद्यावर टाकली आणि तो हुमनाबादच्या वाटेला लागला. मेंढरं मुकाट त्याच्यामागून गेली.