साहेबांच्या वेबसाइटवरचा माझा फोटो

साहेब गेले. मला वाईट वाटलं नाही.

कालपासून ऑफिसच्या जुन्या ग्रुपवर सगळे हात जोडतायत. जोडा. माणूस गेला की जोडावेत.

पण कुणीतरी लिहिलं, "आंधळ्यांना वापरता येईल अशी वेबसाइट साहेबांनी त्या काळात केली. केवढी दृष्टी!"

म्हणून आज मी लिहितेय.

मी जन्मापासून आंधळी. ठाण्यातल्या आमच्या सरकारी महामंडळात टेलिफोन ऑपरेटर होते. बाहेरून येणारा प्रत्येक फोन आधी माझ्या कानात यायचा.

नव्वदचं दशक संपत आलेलं. साहेबांनी महामंडळाची वेबसाइट काढली. पहिल्या पानावर टाकायला माझा फोटो काढून घेतला. "हेडफोन लावून छान हसा," म्हणाले.

मी हसले. छान, की कसं, मला काय माहीत.

त्याच वर्षी आमच्याकडून अपंगांना स्टॉल द्यायचे होते. डोंबिवलीहून घागांचा फोन आला. तेही आंधळे. रस्त्यावर बसून अगरबत्त्या विकायचे.

"बाई, फॉर्म कधी निघणार?"

मी साहेबांना विचारलं.

"फोनवर माहिती द्यायची नाही. सगळं साइटवर आहे. तिथे बघा म्हणावं."

मी घागांना तसंच सांगितलं. माझ्याच तोंडाने.

घागांच्या संस्थेत स्क्रीन वाचून दाखवणारा कम्प्युटर नुकताच आलेला. त्यावर ते रोज आमची साइट लावून बसायचे. शेवटी काठी टेकत स्वतःच ऑफिसात आले.

"बाई, तुमची साइट नुसतं इमेज, इमेज म्हणते. तारीख कुठे लिहिलीय?"

अर्जाची तारीख तीन दिवसांपूर्वी उलटून गेलेली.

कम्प्युटर सेक्शनला मंदा होती, चेंदणी कोळीवाड्यातली, माझी मैत्रीण. तिने साइट उघडून बघितली. "आगो बाय, मराठी अक्षरं दिसावीत म्हणून सगल्याचं चित्रच करून टाकलंय. तारीख पन चित्रातच हाय. तो कम्प्युटर वाचंल काय, कपाळ?"

मी घागांना घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं.

साहेब हसले. "आंधळे वेबसाइट बघतात?"

मग म्हणाले, "मुदत संपली. पुढच्या वेळी बघू."

घाग काठी चाचपत वळले. बाहेर पडताना त्यांचा खांदा दाराला आपटला, तो आवाज मला अजून येतो.

त्या दिवशी मी ठरवलं. ह्या माणसाला सोडायचं नाही.

माझ्या हातात काय होतं? टेलिफोनचा बोर्ड.

मी घागांना सांगितलं, तुमच्या ओळखीतल्या सगळ्यांना फोन करायला सांगा. कल्याण, उल्हासनगर, कळवा, कोपरी, जिथून कुणी आंधळा फोन करू शकतो तिथून.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. "साइटवर काय लिहिलंय ते वाचता येत नाही." मी म्हणायचे, "एक मिनिट हं," आणि साहेबांच्या केबिनमध्ये जोडून द्यायचे.

एकामागून एक. दिवसभर. जेवायच्या सुट्टीतसुद्धा.

साहेब तावातावाने बोर्डापाशी आले. "हे काय चाललंय?"

"साहेब, फोनवर माहिती द्यायची नाही असं तुम्हीच सांगितलंत. साइटचं सगळं तुम्हालाच माहीत."

त्यांनी मेमो आणून दिला. मी हात फिरवून बघितला.

"ब्रेलमध्ये द्या. वाचून उत्तर देते."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

दुसऱ्या आठवड्यात मुंबईहून चेअरमनचा फोन आला. साहेबांची लाइन एंगेज. का, ते मी चेअरमनना सविस्तर सांगितलं.

ते स्वतः आले. घागांच्या संस्थेतला कम्प्युटर टेम्पोने आणून कॉन्फरन्स हॉलमध्ये मांडला. फोनची तार जोडली, साइट लागली.

"इमेज. इमेज. इमेज."

"पहिल्या इमेजमध्ये काय आहे?" चेअरमननी विचारलं.

मंदा बोलली. "हिचाच फोटो हाय, सर. खाली लिवलंय, आम्ही अपंगांच्या सेवेत."

मला कुणाचे चेहरे दिसत नव्हते. साहेबांचा श्वास मात्र ऐकू येत होता. मी तो पोटभर ऐकला.

आठ दिवसांत साइट नीट झाली. मंदाने केली. एकटीने. प्रत्येक चित्रामागे इंग्रजीत शब्द लिहिले, कारण ते मशीन इंग्रजीच बोलायचं. अर्जाची मुदतही वाढवून मिळाली.

तीन आंधळ्यांना स्टॉल मिळाले. घागांना नाही. त्यांनी अर्जच केला नाही.

"बाई, त्या केबिनच्या दारात मला पुन्हा उभं राहायचं नाही," म्हणाले.

वर्षभरात साइटला बक्षीस मिळालं. ते घ्यायला साहेब गेले, आणि मंदाची बदली झाली खडवलीच्या गोदामात, रजिस्टर लिहायला. पुन्हा तिला कम्प्युटरला हात लावू दिला नाही.

मी रडले. तीच मला म्हणाली, "रडतंस कशाला गो? साइट बोलतंय ना?"

साहेब रिटायर झाले त्या दिवशी बोर्डापाशी येऊन उभे राहिले.

"बाई, मनात राग नाही ना?"

"आहे, साहेब."

त्यांच्या बुटांचा आवाज लांब गेला.

राग आजही आहे. ते गेले म्हणून तो जाणार नाही. त्यांच्या घरच्यांना दुःख सोसायचं बळ मिळो, हे मात्र मनापासून.

मंदा चार वर्षांपूर्वी गेली. ग्रुपवर कुणी एक ओळ लिहिली नाही.

त्या साइटवरचा शब्द न् शब्द तिचा होता.

साहेबांना निरोप.

श्रद्धांजली मंदाला.